तांबू बांधावर थांबला

१६ फेब्रुवारी, सोमवार

वहीबाई, बरी आहेस ना? मागच्या पोंगलला दोन पानं लिहून तुला पेटीत टाकलं होतं, वाळवी लागली नाही हे नशीब. कमलाक्षी, तुझा डोळा कसा आहे? (समोरच खाटेवर काळा चश्मा लावून पडली आहे. म्हणते, "टोचतोय. दर घटकेला विचारलंत तर आणखी टोचेल.") शेजारचे शेषगिरी, तुमचं बीपी उतरलं का? (नाही. काल पुन्हा आवक्काय लोणचं खाल्लं.) माझ्या गुडघ्या, तू? (जुन्या दारासारखा कुरकुरतो, पण उघडतो.) हरिप्रिया, तू कशी आहेस?

हे शेवटचं कुणाला पुसायचं ते चार वर्षं झाली, कळलेलं नाही. आमची एकुलती एक मुलगी. चेन्नईत असते. वासुकी नावाच्या मैत्रिणीबरोबर मोबाइलवरचे खेळ बनवते. आईशी रोज दुपारी बोलते, माझ्याशी नाही. ९ मार्चला विमानात बसून डेन्मार्कला जाणार आहे, तीन वर्षांसाठी. जाण्याआधी तंजावूरला येणार नाही. आईला म्हणाली, "अम्मा, तू विमानतळावर ये." "तुम्ही या" नाही म्हणाली. मी ओट्यावर बसून ऐकलं.

आज कुरियरनं एक टॅब आला, कमलाक्षीच्या नावे. सोबत तमिळ अक्षरांत आपल्या तंजावूरच्या मराठीतली चिठ्ठी:

"अम्मा, हा आमचा नवा खेळ. बाजारात जाण्याआधी बारा जणांना देतोय, त्यांतली तू एक. ज्यांनी जन्मात खेळ खेळला नाही असेच बारा निवडलेत. बोट सरकवलं की माणूस चालतो. बोट दाबून धरलं की हाक मारतो. बाकी काही नाही. एक प्राणी आहे. त्याच्याशी कसं वागायचं ते सांगणार नाही. एकच डाव आहे, पुन्हा पहिल्यापासून नाही. रोज थोडं खेळ, काय वाटलं ते लिहून पाठव. गोड गोड लिहू नकोस. ८ मार्चच्या आत."

डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी झालं. तीन आठवडे स्क्रीनकडे पाहायचं नाही असं डॉक्टर म्हणाले आहेत. ऑपरेशनची तारीख हरिप्रियेनंच चेन्नईहून फोन करून ठरवली होती, तरी तिच्या ध्यानात राहिलं नाही. हुशार मुलं अशीच. जग जाणतात, दिवस विसरतात.

"परत पाठवून देऊ," मी म्हणालो.

"का? तुम्ही खेळा," कमलाक्षी म्हणाली.

"मी?"

"डोळा माझा झाकलाय, बोट तुमचं मोकळं आहे. माझ्या नावानं खेळा, माझ्या नावानं लिहा. तिला कळलं नाही म्हणजे झालं."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असला प्रकार मला आवडत नाही. पण चार वर्षांत मुलीनं या घराला पहिल्यांदा काही काम सांगितलं आहे. शिवाय एक गोष्ट मनात धरली आहे, ती फक्त इथे लिहितो. हा प्राणी धड राखला, तर मलाही विमानतळावर येऊ दे असं तिला विचारीन. नाही राखला, तर कुठल्या तोंडानं विचारू?

कमलाक्षीला बाळबोध लिपी येत नाही, तमिळच येते. म्हणून ही वही उघडी राहिली तरी भीती नाही. मी स्वतः चाळिशीनंतर बाळबोध शिकलो, पंचांगावरून अक्षरं गिरवून. मग हरीला शिकवली, ओट्यावर खडूनं.

१७ फेब्रुवारी

सकाळी कॉफी झाल्यावर बसलो. आधी वाटलं टॅब बिघडला आहे. नुसतं तांदळाच्या पिठासारखं पांढरं. मग एक काळी रेघ आली, ती टेकडी. एक चौकोन आला, ते घर. घरापाशी काडीएवढा माणूस, तो मी. गाणं नाही, अक्षर नाही, गुण किती झाले ते नाही. वारा मात्र ऐकू येतो.

टेकडीच्या टोकाला तांब्याच्या रंगाचं काहीतरी हललं. वासराएवढं, पण कान सशाचे आणि चाल मुंगसाची. त्या सगळ्या पांढऱ्या-काळ्यात तेवढाच एक रंग. मी त्याचं नाव तांबू ठेवलं.

एकतीस वर्षं ओरत्तनाडच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. जनावराशी कसं वागायचं ते मला खेळानं शिकवायचं? बाजूनं जायचं, एक हात कानाला, दुसरा नाकाला, संपलं. तसाच गेलो. बाजूनंच गेलो. तांबू तीनदा पळाला, तिसऱ्यांदा टेकडीपलीकडे. दुपारपर्यंत शोधला.

"काय करतोय?" कमलाक्षी दर दोन मिनिटांनी विचारत होती.

"पळतोय."

"तुम्ही काय करताय?"

"पकडतोय."

"मग बरोबर आहे," म्हणाली.

जे घडलं ते स्वच्छ तमिळ अक्षरांत कागदावर लिहिलं, खाली 'तुझी अम्मा' घातलं, फोटो काढून पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: "अक्षर सुंदर आहे, अम्मा." कमलाक्षीचं समजून का होईना, माझ्या अक्षराचं कौतुक झालं. बरं वाटलं. कमलाक्षीला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

१९ फेब्रुवारी

युक्ती सापडली. घरामागे काळ्या ठिपक्यांचं झुडूप आहे. त्याखालून चाललं की फळ हाती येतं. एक फळ घरापासून लांब टाकलं, एक जवळ, एक आणखी जवळ. तांबू आला. एकेक खात थेट घराच्या कुंपणात आला. मी मागून फिरून फाटक लावलं.

आता कुठे जातोस, बाबा.

२० फेब्रुवारी

तांबू कुंपणाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला आहे. फळं टाकली, शिवला नाही. हाक मारली, कान हलला नाही.

"रडतोय का?" कमलाक्षीनं विचारलं.

"आवाज नाही. होईल सवय. वासरू गाईपासून तोडलं की दोन दिवस हंबरतं, तिसऱ्या दिवशी गवताला तोंड लावतं. मी हजार वेळा पाहिलंय."

"हे तुम्ही मागेही म्हणाला होतात."

"कधी?"

तिनं औषधाची बाटली पुढे केली. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती.

२१ फेब्रुवारी

तांबूचा रंग उतरतो आहे. काल तांब्यासारखा होता, आज ओल्या विटकरीसारखा. मी सकाळपासून चार वेळा टॅब उघडून बघितला. शेषगिरी आले, बघून म्हणाले, "तुळजाराम, या वयात भातुकली मांडलीस?" मी म्हणालो, "बीपी वाढेल, बोलू नका." त्यांनाही काळजी लागली. जाताना म्हणाले, "फाटक उघडून बघ की."

उघडलं आणि गेला, तर? एकच डाव आहे.

हरिप्रियेचा मेसेज: "अम्मा, कुंपणात कोंडून किती दिवस ठेवणार आहेस? सहज विचारते. कामासाठी."

तिला कसं कळलं ते कळेना. कमलाक्षी म्हणते, या खेळात आपण जे करतो ते तिकडे दिसतं. म्हणजे माझं बोट कुठे कुठे फिरतं ते मुलगी बघते आहे.

कमलाक्षी 'मागेही' म्हणाली, ते मला कळलं नाही असं नाही. चार वर्षांपूर्वी मी हरीचं लग्न कुंभकोणमच्या वरुणरावांच्या घरी ठरवलं. ती नाही म्हणाली. मी तिचा कॉम्प्युटर लोखंडी कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली. दोन दिवस रडेल, मग निवळेल, असं बोललो होतो खरं. पण ते वेगळं. ते तिच्या भल्यासाठी होतं. तांबूला बाहेर लांडगा खाईल, म्हणून फाटक.

आता लिहून वाचतो आहे. खेळात अजून लांडगा कुठे दिसलेला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

फाटक उघडलं. पळवून लावायला नको म्हणून काडीचा माणूस घराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन उभा केला. टॅब मांडीवर घेऊन बसलो. गुडघा सुन्न झाला. अर्ध्या तासानं तांबू उठला, फाटकातून गेला, टेकडी चढला. वरून एकदा मागे बघितलं. मग नाहीसा.

जेवण गेलं नाही. कमलाक्षीनं दह्यातली डांगर पच्चडी केली होती, माझ्या आवडीची, एका डोळ्यानं अंदाजानं मीठ घालून. मीठ जास्त होतं.

चार वाजता पुन्हा उघडलं. टेकडीच्या रेघेवर तांब्याचा एक ठिपका.

२४ फेब्रुवारी

हा दिवस लाल शाईनं लिहावा असा. तांबू मागे चालतो. मी थांबलो की थांबतो. चार हातांचं अंतर राखतो, पण येतो. रंग पुन्हा भरला. मी हाक मारली तर कान वर करून त्याच आवाजात उत्तर दिलं. ऐकवलं तर कमलाक्षी उठून बसली. "पुन्हा करा," म्हणाली. आम्ही दोघं म्हातारे सकाळभर त्या काडीच्या माणसाला ओरडायला लावत होतो. शेवटी शेषगिरींच्या सुनेनं भिंतीवरून विचारलं, बरं आहे ना सगळं?

हरिप्रियेला लिहिलं: हात लावायचा नाही, मागे बघायचं नाही, आपण आपलं चालायचं, मग तो येतो. हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. खाली अम्मा. मग आठवलं, कमलाक्षी अडुसष्टची. खोडून अडुसष्ट केलं, मग फोटो काढला.

आता नऊ तारखेचं विचारायला हरकत नाही असं वाटतं. आणखी दोन दिवस जाऊ देत. पिकल्याशिवाय फणस कापू नये.

२६ फेब्रुवारी

गेला.

क्रमानं लिहितो.

सकाळी तांबूबरोबर टेकडी उतरलो. पुढे पाणीच पाणी आणि त्यातून एक लांब बारीक बांध, आपल्याकडे भाताच्या खाचरातून असतो तसा. पलीकडचं टोक दिसत नाही. आजवर तो माझ्या मागे असे. आज पहिल्यांदा पुढे गेला. मी बांधाच्या तोंडाशी उभा. तो वीसेक पावलं गेला आणि थांबला. माझ्याकडे पाठ. पुढे जाईना, मागे येईना. वाराही थांबला.

मी एक पाऊल टाकून बघितलं. माणूस हलेना. बोट कितीही सरकवलं तरी हलेना. म्हणजे एकच काम उरलं, हाक.

बोट स्क्रीनच्या वर धरलं होतं. टेकवलं नाही. निघालेल्याला मागून हाक मारू नये. आमच्या घरात हे कुणी शिकवत नाही, श्वासासारखं असतं. छत्री विसरून गेलेल्याच्या मागे धावत जाऊन पुढे उभं राहायचं आणि हातात द्यायची, पण हाक नाही.

तांबू थांबलेला. एकदा त्याचा एक कान मागे वळला. मग दुसरा. कॉफी गार झाली. माझं बोट तसंच हवेत. त्यानं कान सरळ केले आणि तो चालू लागला. हळू, अगदी हळू, बांध संपेपर्यंत. मग घर गेलं, टेकडी गेली, पाणी गेलं. सगळं पांढरं.

टॅब बंद करून पुन्हा चालू केला. पांढरं.

२७ फेब्रुवारी

काल कमलाक्षीला सांगितलं नव्हतं. आज तिनंच विचारलं.

"तो थांबला होता?"

"हो."

"किती वेळ?"

"पुष्कळ. रसम उतू जाऊन चूल विझेल इतका."

"आणि तुम्ही?"

"निघालेल्याला कशी हाक मारू?"

तिनं चश्मा काढला. डोळा अजून लाल आहे. म्हणाली, "ऐका. हरी घर सोडून गेली त्या दिवशी ऑटोत पेटी ठेवून गेटपाशी उभी होती. ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही ओट्यावर होतात, आठ हातांवर. पेपरचं पान उलटलंत."

"तू का नाही हाक मारलीस?"

"ती माझ्या हाकेसाठी उभी नव्हती."

मी चश्मा घाल म्हणालो. तिनं घातला. फोन वाजला तेव्हा ती मागच्या दारी घेऊन गेली.

२८ फेब्रुवारी

हरिप्रियेचा मेसेज, लांबलचक:

"अम्मा, बारापैकी अकरा जणांनी बांधावर हाक मारली. तू एकटीनं नाही मारलीस. का? चिडून विचारत नाही. खरं कारण लिही, मला हवं आहे. आणि पांढरं झालं म्हणजे संपलं असं नाही. चालून बघ. पलीकडचं ते सगळं रान मी एकटीनं केलंय. वासुकी म्हणत होती, सगळे हाक मारतील, तिथे कुणी जाणारच नाही, काढून टाक. मी ठेवलं."

वेडी पोर. जिथे कुणी जाणार नाही तिथे कोण एवढं राबतं?

मी कमलाक्षीला म्हणालो, "कारण काय ते सांग, लिहून पाठवतो."

"मी कुठलं कारण सांगू? मी असते तर हाक मारली असती. बोंब मारली असती. पल्लीअग्रहारमपर्यंत ऐकू गेली असती. ज्यानं नाही मारली त्यानं लिहावं."

१ मार्च

दार लावून बसलो आहे. हे साठाहून जास्त वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. कमलाक्षीलाही नाही. आई गेली तेव्हा वाटलं होतं, आता माझ्यापुरतंच उरलं.

माझा थोरला भाऊ रघोजी. आम्ही अण्णा म्हणत असू. मी आठ वर्षांचा, तो सतराचा. पापनाशमला मामाकडे कामाची बोलणी करायला निघाला होता. कमरेला गुंडाळलेली नवी वेष्टी, तेल लावलेला भांग. आईनं देवापुढची विभूती लावली, तो निघाला. गल्लीच्या वळणाशी पोचला असेल. मी ओट्यावरून ओरडलो, "अण्णा, मला भोवरा आण." आई म्हणाली, "गप, मागून बोलावू नये." पण अण्णा वळून परत आला. चिडला नाही. माझ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि विचारलं, कुठल्या रंगाचा? मला ठरवता येईना. लाल, मग हिरवा, मग पुन्हा लाल. तो हसत बसला. तेवढ्यात पहिली बस गेली. तो दुसरीनं गेला. दुसरी बस मोरीवरून कालव्यात उलटली. सात माणसं गेली. त्यात अण्णा.

आई मला कधी एक शब्द बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं.

तेव्हापासून मी निघालेल्या माणसाला हाक मारलेली नाही. कमलाक्षी माहेरी निघाली तेव्हा नाही, दवाखान्यातला साहेब औषधाची पेटी विसरून गेला तेव्हा नाही. आणि गेटपाशी हरी उभी होती तेव्हा नाही. लोकांना वाटलं, तुळजारामाला ताठा. असेल, ताठाही होता. त्या दिवशी राग होता, हेही खरंच लिहितो. पण राग जिभेवर होता. घशात दुसरंच काही होतं. ऑटो नव्या बसस्टँडकडे जाणार, मग मोठ्या रस्त्यानं रात्रभर बस. मी हाक मारली, ती वळली, ती बस चुकली, दुसरीत बसली, तर?

पेपरचं पान उलटलं, कारण हात कापताना कुणाला दिसू नयेत.

२ मार्च

पांढऱ्यात चाललो. काही नाही. माझ्या काडीच्या माणसाची पावलं मात्र उमटतात, पिठात बोट फिरवावं तशी. तासभर चाललो, फिरून माझ्याच पावलांवर आलो.

सात दिवस उरले. कारण अजून लिहिलेलं नाही. हरिप्रियेनंही पुन्हा विचारलं नाही. ते जास्त टोचतं.

३ मार्च

आज दुसरी पावलं दिसली. तीन बोटांची, उथळ. तांबूच. मागे मागे गेलो. जवळ गेलं की पावलांमधलं अंतर वाढतं, म्हणजे तो पळतो. थांबलो की ती दिसतच नाहीत. संध्याकाळी डोळ्यांपुढे सगळं पांढरं नाचत होतं. कमलाक्षी म्हणाली, "आता तुम्हालाही काळा चश्मा लागेल."

हा माग काढण्याच्या नादात एकदा चुकून बोट दाबलं गेलं असतं. वेळेवर उचललं.

४ मार्च

सकाळी आंघोळ करताना ओरत्तनाड आठवलं. सुई बघून म्हैस सुटली की नवी पोरं मागे धावत आणि म्हैस आणखी पळे. मी त्यांना शिव्या देई. अरे, मागे काय धावता? लांबून वळसा घाला, तिच्या वाटेवर पुढे जाऊन उभे राहा, तोंड दिसू द्या, हात खाली ठेवा. एकतीस वर्षं दुसऱ्यांना हे सांगितलं.

तशीच ओली वेष्टी नेसून टॅब घेऊन बसलो. पावलं उजवीकडे जात होती. मी डावीकडे वळलो आणि लांब, फार लांब फिरलो. पाऊण तास पांढऱ्याशिवाय काही नाही. मनात म्हणत होतो, या बाजूला तिनं काही केलंच नसेल. कुणी इतकं लांब येईल असं तिला का वाटावं?

केलं होतं. एक बारीक रेघ आली, ती पाण्याची कड झाली. कडेला एक चौकोन, आपल्या ओट्याएवढा. तिथे उभा राहिलो. बॅटरी चार टक्के उरली होती. वायर लावायला उठलो असतो तर माणूस हलला असता की नाही, कोण जाणे. कमलाक्षीला हाक मारली. तिनं चाचपडत येऊन वायर लावली, स्क्रीनकडे न बघता, तोंड भिंतीकडे करून.

"आला का?"

"नाही."

"मी इथेच बसते."

समोरून एक ठिपका आला. मोठा झाला. तांबूच, रंग पार उतरलेला, राखेसारखा. खाली मान घालून येत होता. त्यानं मला पाहिलं नव्हतं. पंधरा पावलं. बारा.

मी बोट टेकवलं. दाबून धरलं.

काडीच्या माणसानं हाक मारली. तांबू जागच्या जागी थांबला. कमलाक्षीनं माझा दंड धरला होता, नखं रुतली. तांबूनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आला नाही. पळाला नाही. आहे तिथे खाली बसला, माझ्याकडे तोंड करून.

मी बोट काढलं. मीही बसून राहिलो. काही अक्षर आलं नाही, खेळ जिंकला की हरला ते कुणी सांगितलं नाही. वारा तेवढा पुन्हा सुरू झाला.

कमलाक्षी म्हणाली, "आता लिहा. आणि खाली माझं नाव घालू नका."

५ मार्च

सकाळपासून चार कागद फाडले. हा पाचवा प्रयत्न. आता वहीतच लिहितो, मग याच पानाचा फोटो काढून पाठवतो.

चि. हरिप्रिया हिस अप्पांचे आशीर्वाद.

खेळ अम्मानं खेळला नाही. तिचा डोळा झाकलेला होता, मी खेळलो. फोटोतली अक्षरं माझी. फार जपून लिहीत होतो, तू ओळखलं नसशील. फसवलं, त्याची माफी मागतो. अम्माचा दोष नाही.

बांधावर हाक का मारली नाही ते तू विचारलंस. कारण माझ्या वहीतल्या १ मार्चच्या पानावर आहे. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. ते आजवर कुणी वाचलेलं नाही. आज दुपारी मी ते अम्माला वाचून दाखवलं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. तू वाचावंस. वाचून माझी कीव करू नकोस. गेटपाशी मी चुकलो ते चुकलोच. कपाटाच्या किल्लीचं तर कारणही नाही, ती नुसती दांडगाई होती.

खेळाबद्दल काय वाटलं ते लिहायचं राहिलं. तुझं पांढरं रान फार मोठं आहे. म्हाताऱ्या माणसाचं बोट दुखतं. पण ते काढून टाकू नकोस. वासुकीला सांग, एक माणूस तिथे जाऊन आला.

आता माझं विचारणं. ९ तारखेला मी येऊ का? मागे उभा राहणार नाही. तू विमानतळाच्या दाराशी पोचायच्या आधी येऊन तिथे उभा राहीन. तू सामानाची गाडी ढकलत येशील तेव्हा समोरून, तोंड दिसेल असं, एकदा हाक मारीन. थांबायचं की बाजूनं निघून जायचं ते तू ठरव. निघून गेलीस तर मी मागून काही बोलणार नाही, आणि या वेळी त्याचा अर्थ तुला ठाऊक असेल.

आठ तारखेच्या गाडीचं तिकीट काढायचं आहे. एक काढू की दोन, एवढं कळव. नको असेल तर नको असं लिही, मी अम्माला डब्यात बसवून घरी येईन, कुरकुर करणार नाही. बाळबोध अक्षरं विसरली असलीस तर तमिळमध्ये लिही. एक आकडा लिहिलास तरी पुरे. पण लिही, आणि लवकर लिही.

तुझा अप्पा,
तुळजाराम